एसटीतून नेता येईल अशी दुर्बीण

एका वाचक आईचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमची मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. शाळेतर्फे आकाशदर्शनाला जाऊन शनीचं कडं बघून आली तेव्हापासून दुर्बीण हवी म्हणून मागे लागली आहे. दसऱ्याला घ्यायचं ठरवलंय. पंचवीस हजारांपर्यंत जमेल, त्याच्या पुढे नाही. आम्ही पुण्यात धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी दक्षिणेला आहे. सासर माण तालुक्यात, दहिवडीजवळ. सणासुदीला आणि सुटीत एसटीनेच जातो, आमच्याकडे गाडी नाही. ऑनलाइन एक ७० मिमीची दुर्बीण पाहिली. ६७५ पट मोठं दाखवते असं लिहिलंय; सोबत आयपीस, सूर्याचं फिल्टर, सुटकेस, सगळं नऊ हजारांत. ह्यांना वाटतं, मोबाइलला जोडून आपोआप फिरणारीच घ्यावी. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो डिसेंबरात येताना मीच आणतो. काय करावं? आणि चार दिवसांनी ती कपाटावर जाऊन बसेल, ही धास्ती आहेच."

पत्राच्या खाली वेगळ्या, गोल अक्षरात एक ओळ आहे: "दुर्बिणीतून तारे केवढे मोठे दिसतात?" तिला शेवटी उत्तर देते.

ताई,

तुमच्या धास्तीपासूनच सुरुवात करते. दुर्बीण कपाटावर जाते ती मुलांची हौस फिटते म्हणून नाही. तिच्यातून धड काही दिसत नाही म्हणून जाते. आणि मुलांना वाटत राहतं की आपल्यालाच बघता येत नाही.

मी नववीत असताना वडिलांनी पगारातून पैसे बाजूला टाकून ६० मिमीची भिंगाची दुर्बीण आणली होती. नळी वाईट नव्हती, पाय वाईट होते. ॲल्युमिनियमच्या काडीसारखे तीन पाय आणि मध्ये प्लॅस्टिकचा त्रिकोण. शनी सापडायला अर्धा तास जायचा. सापडला, फोकस करायला चाकाला हात लावला, की तो पाण्यातल्या दिव्यासारखा थरथरायला लागायचा. थरथर थांबेपर्यंत थांबायचं, परत हात लावायचा, परत थरथर. तेवढ्यात तो सरकून गेलेला. शंभर पट मोठेपणाला दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम अर्धा अंशाचा तुकडा दिसतो आणि आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. म्हणजे ग्रह एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जायला दोन मिनिटं. ती दोन मिनिटं मी हलणारं चित्र बघण्यात घालवायचे. दिवाळीत आणलेली दुर्बीण संक्रांतीला माळ्यावर गेली, आणि वडिलांनी कधी विचारलं तर मी अभ्यासाचं कारण सांगायचे.

कॉलेजात असताना एका कार्यक्रमात जाड प्लायवूडच्या पेटीत बसवलेल्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून तोच शनी पाहिला. बोटाने ढकलली की फिरायची, बोट काढलं की जिथल्या तिथे थांबायची. ग्रह वेगळा, कडं वेगळं, आणि दोहोंच्या मधून काळं आकाश आरपार दिसत होतं. त्या रात्री मला कळलं की माझ्या डोळ्यांत काही दोष नव्हता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: पैसे आरशाच्या रुंदीत आणि खालच्या बैठकीत घाला, मोठेपणाच्या आकड्यात नको.

तो ६७५ चा आकडा कुठून आला ते बघा. त्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, ९०० मिमी असतं. त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, ४ मिमीने भागलं की २२५. वर तिप्पट करणारी बार्लो नावाची प्लॅस्टिकची जोडनळी लावली की ६७५. गणित बरोबर आहे, पण त्या गणितात प्रकाश कुठेच नाही. ढोबळ नियम असा की दर मिलिमीटर रुंदीला दुप्पट मोठेपणा, त्यापुढे चित्र फक्त धूसर आणि काळवंडलेलं होत जातं. ७० मिमीला ही मर्यादा १४० पट येते. आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री त्याच्याही अलीकडेच थांबावं लागतं. याउलट अवघ्या ४५ पटीला गुरू केवढा दिसतो? साध्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा. शनीचं कडं तर तीस पटीलाही ओळखू येतं. एवढं हातात असताना ६७५ च्या मागे कशाला लागायचं?

त्याच खोक्यात जे सूर्याचं फिल्टर येतं ना, आयपीसवर फिरवून बसवायचं, त्याबद्दल आत्ताच सांगते कारण हा डोळ्यांचा प्रश्न आहे. अशी दुर्बीण कुणी भेट दिली तरी ते फिल्टर त्याच दिवशी फोडून फेकून द्या. दुर्बिणीने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेच्या चकतीवर येते, ती तडकते, आणि त्या क्षणी डोळा आयपीसला लावलेला असतो. सूर्य बघायचाच असेल तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाशी बसतं, आरशाच्या पूर्ण रुंदीचं. त्यासाठी बाडर कंपनीची सौर फिल्म मिळते. ती लावल्यावरही फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण हवंच, कारण मुलं आधी फाइंडरमधून डोकावतात. पहिलं वर्षभर सूर्याचं नावच काढू नका असं मी म्हणेन. रात्र पुरते.

आता कुठली घ्यायची ते सांगते.

त्या प्लायवूडच्या पेटीला डॉबसोनियन म्हणतात, बोलताना नुसतं डॉब. ती रूढ करणारे जॉन डॉबसन हे कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात वीस वर्षांहून जास्त काळ साधू होते, आपल्या रामकृष्ण परंपरेतल्या. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचे आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. दुर्बिणीपायी १९६७ मध्ये मठ सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांचा गट उभा केला. स्वस्त, दणकट, शाळकरी पोरालाही वळवता येईल अशी बैठक त्यांच्यामुळे जगभर गेली.

तुमच्याकडे गाडी असती तर मी डोळे मिटून सहा इंची डॉब सांगितली असती आणि थोडे पैसे साठेपर्यंत थांबायला लावलं असतं. पण मीटरभराहून लांब नळी आणि खाली तेवढीच अवजड पेटी घेऊन स्वारगेटला फलाटावर उभं राहता येत नाही. तुमच्यासाठी टेबलटॉप डॉब आहे, स्टुलावर किंवा कट्ट्यावर ठेवून बघायची. ११४ ते १३० मिमी आरशाची. स्कायवॉचरची हेरिटेज १३०पी हे चांगलं उदाहरण: आरसा १३० मिमी, नाभीय अंतर ६५०, नळी मिटून आखूड होते, बैठकीसकट वजन साधारण सहा किलो. दसऱ्याच्या आसपास तुमच्या रकमेत बसली तर हीच घ्या, नाही बसली तर ११४ मिमीची. ६० मिमीच्या भिंगापेक्षा १३० मिमीचा आरसा साडेचार पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. शिवाय उंची लेकीच्या उंचीला जुळते, तिला टाचा उंचावून डोळा लावावा लागत नाही. हे छोटं वाटतं, पण मूल दुर्बिणीपाशी दहा मिनिटं थांबतं की दोन, हे त्यावरच ठरतं.

आधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या, दुर्बीण वर्षभराने, असा सल्ला तुम्हाला चार जण देतील. तो चुकीचा नाही. कृत्तिका द्विनेत्रीतून जशा दिसतात तशा मोठ्या दुर्बिणीतून दिसत नाहीत. पण तुमच्या मुलीने शनीचं कडं पाहिलंय आणि ते तिला पुन्हा बघायचंय. ते द्विनेत्रीतून दिसत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला वर्षभर थांब म्हणणं मला पटत नाही. घरात, शेजारी कुणाची द्विनेत्री पडून असेल तर मागून आणा आणि गच्चीवर सतरंजी टाकून, आडवं होऊन बघा.

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना एक गोष्ट जरूर तपासा, कारण यात चांगले शिकलेले लोक फसतात. काही आरशाच्या दुर्बिणी ११४ किंवा १२७ मिमीच्या असतात, नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेलं असतं, आणि नळी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची. साध्या आरशाच्या दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराएवढीच, थोडीफार इकडेतिकडे, असायला हवी. ती निम्मी असेल तर फोकसच्या नळीत आत एक भिंग बसवून अंतर वाढवलेलं असतं. स्वस्त मालात ते भिंग सुमार असतं, आणि आरसा जुळवणं घरच्या माणसाच्या हाताबाहेरचं होऊन बसतं. त्याच्या जोडीला डुगडुगणारं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे तिरकी बैठक. दिसायला मोठं शास्त्रीय वाटतं, वजनाचा गोळा लटकतो, दोन चाकं असतात. पण ते माउंट ध्रुवाच्या दिशेने लावावं लागतं. पुण्याहून ध्रुव आहे साडेअठरा अंशांवर, आणि तुमची बाल्कनी दक्षिणेला. कसं लावणार? आणि हो, आयपीस सव्वा इंची आहेत ना, ते विचारा. पाऊण-एक इंचाचे जुन्या मापाचे असतील तर पुढे त्याला काही मिळत नाही.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. आपोआप फिरणाऱ्या दुर्बिणी चांगल्या असतात, पण पंचवीस हजारांत मोटार आणि इलेक्ट्रॉनिक्सला पैसे गेले की आरशाला उरतात किती? त्यांना मोबाइलवर काम हवं असेल तर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप घालून द्या. आज कुठला ग्रह किती वाजता किती वर, हे शोधायचं काम बाबांचं आणि दुर्बीण वळवायचं लेकीचं. एखादी गोष्ट स्वतः शोधून काढली की ती कुठे आहे हे मुलं विसरत नाहीत.

भावाला दुर्बीण आणायला सांगू नका. सामानात तिची काय गत होईल सांगता येत नाही, कस्टमचा प्रश्न, आणि काही बिघडलं तर परत कुठे पाठवणार? पण त्याचा उत्साह वाया घालवू नका. त्याला ६ मिमीचा एकच रुंद दृष्टिक्षेत्राचा आयपीस आणायला सांगा, मुठीत मावतो. दुर्बिणीसोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस येतात. ६५० ला भागलं की २६ आणि ६५ पट. सहाचा आला की १०८. चंद्र आणि ग्रहांना तो मोठेपणा मस्त जमतो. पुढची दोन वर्षं चौथा आयपीस लागणार नाही. दहा-बारा आयपीस आणि रंगीत फिल्टरं भरलेल्या सुटकेसी मिळतात, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.

बाकीचं साहित्य घरात आहे. लाल उजेडाची बॅटरी विकत घ्यायची नाही. आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद दुहेरी करून टॉर्चच्या तोंडाला रबरबँडने बांधा. अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतो आणि परत सरावायला वीस मिनिटं घेतो. त्या काळात मोबाइलही खिशात. चंद्राचं फिल्टर लागत नाही. चंद्राने डोळे जात नाहीत, फक्त दिपतात; शेजारचा दिवा चालू ठेवून बघितलं तरी भागतं. स्टूल मात्र जड लाकडी हवं. प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंत तर माझ्या ६० मिमीच्या पायांची तुम्हाला आठवण येईल.

१३०पी घेतलीत तर आणखी दोन घरगुती गोष्टी कराव्या लागतील. तिचा फोकस आट्यांवर फिरतो आणि थोडा ढिला असतो. नळाच्या आट्यांना प्लंबर जी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात, तिचे तीन-चार वेढे त्या आट्यांवर द्या. फोकस लोण्यासारखा फिरतो आणि आयपीस डुलत नाही. दुसरं, तिची नळी अर्धी उघडी असते, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बाजूने आत येतो. काळा कार्डपेपर गोल वळवून आत बसवला की आकाश एकदम गडद होतं. हे काम लेकीला द्या, शाळेच्या प्रोजेक्टसारखं ती ते मन लावून करील.

धनकवडीच्या बाल्कनीबद्दल. दक्षिण मिळाली हे चांगलं, ग्रह आणि चंद्र त्याच बाजूने जातात. पण आपण इतके दक्षिणेला राहतो की हिवाळ्यात वृषभ-मिथुनेतला ग्रह ऐन रात्री जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे तुमच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबमागे. तेव्हा गच्चीच गाठावी लागते. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, रस्त्याचे दिवे झाकले जातात. आणि संध्याकाळी सातला लगेच चित्र उकळल्यासारखं दिसलं तर दुर्बिणीला दोष देऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडत असतो आणि त्या हवेतून ग्रह लटलटतो. दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा आणि दहानंतर बघा. सुटीच्या दिवशी पहाटे उठवता आलं तर सर्वांत उत्तम. पहाटेची हवा शांत असते.

खरं आकाश मात्र तुमच्या सासरी आहे. अंधार जपला म्हणून पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, आणि लोक गाड्या करून तिथे जातात. तुम्हाला तसाच अंधार घराच्या ओट्यावर मिळतो. माण पर्जन्यछायेतला तालुका, त्यामुळे स्वच्छ रात्रीही जास्त. मार्गशीर्ष-पौषात मृग वर आला की पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाशेजारी दुर्बीण वळवा, तिथे धुरकट डाग दिसेल. तो तेजोमेघ आहे, साधारण साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा, नवे तारे जन्मत असलेला. आणि एप्रिल-मेच्या सुटीत रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजापासून पंचवीसएक अंशांवर, ओमेगा सेंटॉरी शोधा. साध्या डोळ्यांना पुसट तारा, २६ पटीला गोल ढग, आणि ६५ पटीला काळ्या कापडावर रवा सांडावा तसा दाणेदार. लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे तो. लंडनच्या हौशी निरीक्षकाला घरून तो कधीच दिसत नाही, त्याच्या क्षितिजावर तो येतच नाही.

एसटीत मात्र मागची सीट घेऊ नका. नळी मिटवून, गोधडीत गुंडाळून, आरशाची बाजू खाली करून मांडीवर किंवा दोन पायांत धरा. वर सामानाच्या फळीवर नाही. तरी फलटणमार्गे गेलात काय आणि साताऱ्यावरून गेलात काय, खड्ड्यांनी आरसा थोडा हलणारच. पोचल्यावर एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर लावून फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची फुगलेली चकती दिसते आणि तिच्यात काळा ठिपका. ठिपका मधोमध असेल तर ठीक, एका बाजूला गेला असेल तर आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून तो मध्ये आणायचा. पहिल्यांदा तासभर लागतो, चौथ्यांदा पाच मिनिटं. हे आधी कुणाच्या तरी हाताखाली शिकलात तर बरं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून काम करतेय. दसऱ्याच्या आधी त्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला मुलीला घेऊन जा आणि तीन-चार वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावू द्या. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुलस्त्य नावाच्या इमारतीत. तिथेही चौकशी करा.

पावसाळ्याबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण माझी एक चांगली ८० मिमीची भिंगाची दुर्बीण त्यातच गेली. जूनमध्ये नीट पुसून, फोमच्या पेटीत बंद करून ठेवली होती. दसऱ्याला पूजेसाठी काढली तेव्हा भिंगाच्या आत, कडेपासून मध्यापर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. बुरशी. पुसली जाते, पण काचेवरचा लेप तिने खाल्लेला असतो. फोम ओल धरून ठेवतो आणि बंद अंधार बुरशीला हवाच असतो. तुम्ही आयपीस घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, रंग बदलला की पुड्या बदला. नळी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुड्यांसकट, तोंड बांधून. उघडीप मिळाली की बाहेर काढून पंख्याखाली तासभर. उन्हात कधीही नाही. तो आरसा उन्हात पडदा पेटवू शकतो. आणि गावाकडे रात्री दव पडलं तर ओल्या आरशावर झाकण लावू नका, सकाळी सावलीत सुकू द्या. आरशावर धूळ दिसली तर दिसू दे. पदराने, रुमालाने, चष्म्याच्या कापडाने पुसायचा नाही. धुळीने चित्र बिघडत नाही, ओरखड्याने बिघडतं.

एक गोष्ट दुर्बीण घरी यायच्या आधी मुलीला सांगून ठेवा. फोटोत दिसतात ते जांभळे-गुलाबी रंग डोळ्यांना दिसत नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही, कॅमेरा मात्र तासन्‌तास प्रकाश साठवतो. देवयानी दीर्घिका तिला राखाडी, लांबट पुसटसा डाग दिसेल. तो डाग २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे आणि तिथून निघालेला प्रकाश थेट तिच्या डोळ्यात शिरतोय, हे कळल्यावर मुलं त्या डागाकडे फार वेगळ्या नजरेने बघतात. पहिल्या रात्रीसाठी मात्र चंद्रच घ्या, आणि पौर्णिमेचा नको. अष्टमीच्या आसपासचा घ्या. पौर्णिमेला सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. मग गुरू दिसत असेल तर आठवडाभर रोज एकाच वेळी वहीत एक गोल आणि चार ठिपके काढायला लावा. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच केलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती तुम्हाला स्वतःहून येऊन सांगेल की ठिपके जागा बदलताहेत.

आता तुझ्यासाठी, गोल अक्षरवाली. तारे मोठे दिसतच नाहीत. ते इतके लांब आहेत की आपल्या दुर्बिणीत तारा टिंबच राहतो, फक्त जास्त तेजस्वी होतो, आणि जिथे काहीच नव्हतं तिथेही टिंबं उगवतात. तुला तारा लाडवासारखा गोल आणि मोठा दिसला तर फोकस चुकलाय असं समज आणि तो सगळ्यांत बारीक होईपर्यंत फोकस फिरव. उन्हाळ्यात सप्तर्षी वर आले की वसिष्ठावर दुर्बीण लाव. नुसत्या डोळ्यांनी त्याच्या शेजारी अरुंधती दिसते, ती दुर्बिणीत बरीच बाजूला गेलेली दिसेल. तिला सोडून दे. दहाचा आयपीस लावून फक्त वसिष्ठाकडे नीट बघ, आणि काय दिसलं ते वहीत काढून मला पाठव.